गट नंबर २७१

कोर्टातली खरी गर्दी निकालाच्या दिवशी. वादी येतो, त्याचा भाऊ येतो, साक्ष दिलेला शेजारीही आपल्या साक्षीचं काय झालं ते बघायला येतो. साहेब शेवटची ओळ वाचतात, 'दावा खर्चासह मंजूर', आणि पायऱ्या उतरायच्या आत पेढे कुठले आणायचे यावर चर्चा सुरू होते. मागे राहिलेल्या कागदांचं पुढे काय होतं हे बघायला कुणी थांबत नाही. ते कागद माझ्याकडे यायचे.

मी ३१ वर्षं दिवाणी न्यायालयात लिपिक होते. त्यातली १४ वर्षं दोन टेबलांवर गेली, आधी हुकूमनामे आणि मग दरखास्ती. सुनेला एकदा हे सांगायला गेले तर म्हणाली, "म्हणजे आई, तुम्ही वसुली करायचात?" नाही गं बाई. आदेश साहेब द्यायचे, वसुलीला बेलिफ जायचे, पैसे नाझर मोजून घ्यायचे. मी लिहायचे. पण कोण कुणाचं किती देणं लागतो आणि त्यापायी कुणाच्या कुठल्या जमिनीला हात लावायचा, हे कुणाला तरी लिहावं लागतं, आणि बाकीचे सगळे त्या लिहिलेल्याच्या मागून चालतात.

निकालपत्र आणि हुकूमनामा यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. निकालपत्रात साहेबांनी कारणं दिलेली असतात, कुणाची साक्ष का पटली, कुठली पावती का मानली नाही. ते कधी चाळीस पानांचंही असतं. हुकूमनामा दीड-दोन पानांचा. दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, पत्ते, मागणी काय होती, मिळालं काय, खर्च कुणी कुणाला द्यायचा. निकालापासून १५ दिवसांत तो तयार व्हावा असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. तयार कधीही होवो, त्यावर तारीख निकालाच्याच दिवसाची पडते. पुढे जे काही चालतं ते या दीड पानावर. निकालपत्र कितीही देखणं असलं तरी बेलिफाच्या पिशवीत ते नसतं.

या टेबलावर मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा शेजारच्या जुन्या अधीक्षकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली. आकडा लिहिला की लगेच 'अक्षरी', आणि 'फक्त' लिहून उरलेल्या जागेवर रेघ. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, मी ठेच खाऊन शिकले. 'रकमेवर व्याज' आणि 'मुद्दलावर व्याज' यांत एका शब्दाचा फरक दिसतो, पण त्या एका शब्दावर पुढे दोन वकील तीन तारखा भांडू शकतात. संहितेच्या कलम ३४ प्रमाणे निकालानंतरचं व्याज मुद्दलावर चालतं, आणि व्यापारी व्यवहार सोडले तर दर सालाला शेकडा ६ च्या वर जात नाही. दावा दाखल होईपर्यंतचं थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून टाकलं, की ऋणको व्याजावर व्याज भरायला लागतो आणि त्याला ते कळतही नाही.

हिशेबाचं एक उदाहरण मी कितीजणांना समजावलं असेल, गणती नाही. मुद्दल ५०,०००. वर्षाला शेकडा ६ म्हणजे ३,०००. चार वर्षं गेली, व्याज १२,०००. दाव्याचा खर्च समजा ४,०००. एकूण ६६,०००. आता ऋणको १०,००० घेऊन येतो, भरतो, आणि विचारतो, "आता मुद्दल चाळीस राहिलं ना?" नाही राहिलं. भरलेला पैसा आधी व्याजाला जातो, मग खर्चाला, आणि उरला तर मुद्दलाला. त्याचे दहा हजार व्याजातच विरले, मुद्दल ५०,००० जागच्या जागी, वर २,००० व्याज आणि ४,००० खर्च बाकी. हे सांगताना समोरच्याकडे बघवत नसे. मी तक्ता फिरवून त्याच्यापुढे ठेवायचे आणि बोट आकड्यावर ठेवायचे, म्हणजे दोघांनाही कागदाकडे बघता यायचं.

आता दरखास्त. हुकूमनामा झाला, पैसे काही आले नाहीत, तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करायचा, त्याला आमच्याकडे दरखास्त म्हणतात. मुदत १२ वर्षं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १८७२ सालीच म्हणून ठेवलं आहे की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा हाती पडल्यावर. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. मधल्या काळात काय चाललं होतं याचा मी एक छोटासा पुरावा आहे.

दरखास्तीच्या अर्जात एक रकाना असतो, त्यावर माझं सगळ्यात जास्त लक्ष असायचं. हुकूमनाम्यानंतर काही पैसे मिळाले का, काही तडजोड झाली का. बहुतेक अर्जांत तिथे 'नाही' असं लिहिलेलं असे. आणि महिन्या-दोन महिन्यांनी नोटीस घेऊन माणूस यायचा, खिशातून घडी घातलेला कागद काढायचा. एकाची तर खिशातली डायरीच होती, खतांच्या कंपनीची. तिच्यात बॉलपेनने तारखा आणि आकडे. बैल विकून दिलेले इतके, दिवाळीला दिलेले इतके, ह्या दिवशी त्यांच्या थोरल्याच्या हातात दिलेले इतके. सही कुठेच नाही. ज्यांना दिले ते वारले होते, आणि दरखास्त त्यांच्या मुलांनी लावली होती.

नियम असा आहे. कोर्टाच्या बाहेर पैसे दिले तर घेणाऱ्याने ते कोर्टात येऊन कळवायचे, आणि त्याने नाही कळवले तर देणाऱ्याने ३० दिवसांच्या आत अर्ज करून नोंदवून घ्यायचे. नोंद झाली नाही तर वसुली करणाऱ्या कोर्टाने तो भरणा विचारातच घ्यायचा नाही. संहितेच्या एकविसाव्या आदेशातला हा दुसरा नियम. मला तो आजही पाठ आहे, आणि आजही आवडत नाही. का आहे ते मात्र कळतं. नाहीतर प्रत्येक दरखास्तीत 'मी दिले', 'मला मिळाले नाहीत' असा नवा दावा उभा राहील आणि जुन्याची वसुली कधीच व्हायची नाही. पण ज्याला शिकवलं गेलंय की माणसाच्या हातात पैसे दिले म्हणजे फिटलं, त्याला हे कसं सांगायचं? त्या डायरीवाल्यांनी मला विचारलं, "बाई, मग मी दिले ते कुठं गेले?" मी म्हणाले, "काका, दिलेत ते खरंच असेल. पण इथे आलेले नाहीत." त्यांनी डायरी खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, ती माझ्या कामात बसत नव्हती. जो कुणी ऋणको टेबलाशी येईल त्याला सांगायचं, पैसे द्यायचे तर नाझराकडे भरा. सिव्हिल कोर्ट डिपॉझिट, आमच्या तोंडी सीसीडी. पावती घ्या, समोरच्याला नोटीस जाऊ द्या, ती बजावली की भरलेल्या रकमेवरचं व्याजही थांबतं. बाहेर द्यायचेच असतील तर त्यालाच घेऊन या आणि पुरसिस द्या. पुरसिस म्हणजे साध्या कागदावर पक्षकाराने कोर्टाला दिलेलं निवेदन. 'हुकूमनाम्याप्रमाणे संपूर्ण रक्कम मिळाली, माझी काही तक्रार नाही.' दीड ओळ, खाली सही. मी पाहिलेल्या कागदांत इतका छोटा आणि इतका मोलाचा कागद दुसरा नाही.

बेलिफांच्या हकिकती सांगायला बसले तर हा लेख लांबेल. एवढंच सांगते की जप्तीला गेलेला बेलिफ घरात काय उचलू शकत नाही याची यादी कायद्यात आहे आणि ती मला फार आवडते. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे जो दागिना बाईला उतरवता येत नाही तो, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, त्याच्या गरजेचे बैल, बियाणं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, म्हणजे ३१,००० पगार असेल तर १०,००० ला हात लागतो. ही यादी ज्याने कुणी पहिल्यांदा केली त्याने कर्जात बुडालेलं घर आतून पाहिलेलं असणार.

माझी भाची न्यूयॉर्कमध्ये वकिली करते. एकदा तिच्याशी बोलताना कळलं की तिकडचा काउंटी क्लार्क आपल्यापेक्षा फारच जबरदस्त प्राणी आहे. पैशाचा निकाल झाला की तो आपल्या वहीत ऋणकोच्या आडनावाखाली नोंद करतो. नाव, शेवटचा माहीत असलेला पत्ता, निकालपत्रात असेल तर धंदासुद्धा, रक्कम, आणि नोंदीची तारीख-वेळ. ती नोंद झाली की त्या काउंटीत त्या माणसाच्या नावावर असलेल्या घरा-जमिनीवर दहा वर्षांचा बोजा आपोआप चढतो. वेळ का, तर दोन घेणेकऱ्यांत आधी कोण हे तिच्यावर ठरू शकतं. मी म्हटलं, आमच्या लेखणीत एवढा दम नाही बाई. इथे पैशाचा हुकूमनामा झाला म्हणून जमिनीला काही चिकटत नाही. दरखास्त लावायची, जमिनीचं वर्णन द्यायचं, जप्तीचा आदेश घ्यायचा, आणि मग ऋणकोला ती विकता किंवा गहाण टाकता येत नाही. काटेकोर बोलायचं तर तोसुद्धा बोजा नव्हे, ती मनाई. पण सातबारावर 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाच्या इकरारापासून कोर्टाच्या जप्तीपर्यंत जे काही येऊन बसतं, त्याला गावात एकच शब्द आहे, आणि मीही तोच वापरते.

जमीन जप्त करायची रीत मात्र आपल्याकडे अजून जुनीच. आदेशाची दवंडी द्यायची, कायद्यात शब्द आहे ढोल वाजवून किंवा गावच्या रूढ पद्धतीने. मग आदेशाची प्रत जमिनीवर ठळक जागी लावायची, कोर्टाच्या इमारतीवर लावायची, जमीन सरकारला सारा भरणारी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि गावातली असेल तर ग्रामपंचायतीतही. आमचे एक बेलिफ प्रत लावायला घरून कणीक भिजवून न्यायचे. टाचण्या गंजतात म्हणायचे.

आता २७१ चं सांगते. इतकं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे हे टाळत टाळत.

२०१२ सालची गोष्ट. दरखास्तीत ऋणकोच्या जमिनीचं वर्णन होतं, गट नंबर २१७. जप्तीचा आदेश झाला. वॉरंट मी केलं, त्यात २१७. तहसीलला जायचं पत्र मी केलं, त्यात २७१. दुपारची वेळ, समोर अकरा दरखास्ती, बाजूला कुणीतरी नकलेच्या फीबद्दल विचारत होतं. ही कारणं नंतर खुलाशात लिहायची म्हणून शोधलेली. त्या क्षणी मला काहीच झालं नव्हतं, मी नेहमीसारखी टाइप करत होते.

बेलिफ वॉरंट घेऊन गेले. गावाने त्यांना बरोबर २१७ मध्ये नेलं, बांधावरच्या बाभळीला आदेश चिकटला, चावडीपुढे दवंडी झाली, पंचांच्या सह्या झाल्या. प्रत्यक्षातली जप्ती अगदी बिनचूक. पत्र तिकडे आपल्या वाटेने तहसीलमधून तलाठ्याकडे गेलं. गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन खातेदार होते, फक्त वडिलांचं नाव वेगळं. तलाठ्यांनी गट पाहिला, नाव पाहिलं, जुळलं. फेरफार, म्हणजे सातबारातल्या बदलाची नोंद, धरला, रीतसर मुदतीनंतर मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. दिवाणी न्यायालय, दरखास्त क्रमांक अमुक, जप्ती, हस्तांतरास मनाई.

जूनमध्ये एक गृहस्थ आले. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. पीककर्जाला गेले होते, तिथे त्यांना तो रकाना दाखवून परत पाठवलं होतं. दाराशी चपला काढून आत आले आणि इतक्या हळू विचारलं की मला दोनदा ऐकावं लागलं, "बाई, माझ्यावर कुणी दावा केलाय का?"

मी रजिस्टर पाहिलं, त्यांच्या वडिलांच्या नावाने काहीच नाही. सातबारावरचा दरखास्त क्रमांक घेऊन फाइल काढली. अर्जात २१७, वॉरंटमध्ये २१७. पत्राची स्थळप्रत उलटली आणि खाली माझी आद्याक्षरं.

त्यांना बाकावर बसवून मी अधीक्षकांकडे गेले. त्याच दिवशी साहेबांपुढे अहवाल ठेवला, साहेबांनी त्याच दिवशी दुरुस्तीचा आदेश केला. मला ज्ञापन मिळालं, मी खुलासा दिला, तो भाग सोडा. चूक करायला मला एक सेकंद लागला होता आणि ती पंधरा-वीस दिवसांत सातबारावर पोहोचली होती, कारण तिच्या मागे वादी होता, त्याचा वकील होता, दर आठवड्याला तहसीलला फोन करणारा त्याचा मेहुणा होता. दुरुस्तीच्या मागे कुणीच नव्हतं. पत्र गेलं, आवक झाली, टेबल बदललं, तलाठ्यांकडे दुसऱ्या सजाचा अतिरिक्त कार्यभार, मग नवा फेरफार, मग नोटीस, मग हरकतीचे १५ दिवस, मग प्रमाणन. मी दोन शनिवार स्वतः जाऊन आले. नोंद कमी झाली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. पेरणी कधीच होऊन गेली होती. बियाणं-खतासाठी त्यांनी गावातल्या एकाकडून महिना शेकडा ३ ने पैसे उचलले होते.

ते पुन्हा एकदा आले. मी व्याजाचे पैसे देऊ केले, पाकिटात घालून ठेवलेच होते. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "पुन्हा कुठं तरी लिव्हावं लागंल." आणि हसले. मला नाही हसता आलं. त्यांना एकच हवं होतं. 'यांच्यावर कोर्टात काही नाही' असं लिहून सही-शिक्क्याचा कागद. सोयरीक जुळत होती, पाहुण्यांच्या कानावर गेलं होतं. मी सगळे नमुने डोळ्यांपुढे आणले. देणं आहे हे लिहायला आमच्याकडे रजिस्टरं आहेत, रकाने आहेत. एखाद्यावर काहीच नव्हतं, कधीच नव्हतं, हे लिहायला काही नाही. शेवटी दुरुस्तीच्या आदेशाची नक्कल काढून दिली. त्यात साहेबांनी 'लिपिकाच्या नजरचुकीने' असं लिहिलं होतं. ते शब्द मी त्यांना बोटाने दाखवले, म्हटलं, पाहुण्यांना एवढी ओळ वाचून दाखवा.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांना त्यांचा सातबारा मोबाइलवर काढून देत होते. त्यांचं काम झालं आणि हात तसाच पुढे गेला. तो जिल्हा, तो तालुका, ते गाव, २७१. खातेदाराच्या जागी आता मुलांची नावं लागली आहेत. इतर अधिकारात ती ओळ आहे. पूर्वी कमी झालेल्या नोंदीला नुसता कंस असायचा, आता नव्या नमुन्यात तिच्यावर आडवी रेघ येते. रेघेखालून दरखास्तीचा क्रमांक सहज वाचता येतो.

मग २१७ टाकला.

त्या ऋणकोने २०१५ मध्ये सगळे पैसे फेडले होते. संपूर्ण वसुलीची पुरसिस माझ्याच हातात आली होती, दरखास्त निकाली झाल्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे. पैसे फिटले की जप्ती उठल्यासारखी मानावी असं नियमात आहे. पण ती उठल्याची दवंडी ऋणकोची इच्छा असेल तरच आणि त्याच्याच खर्चाने द्यायची. त्याने मागितली नसणार. फिटलं म्हणजे फिटलं असंच त्याला वाटलं असणार, आणि पत्र करा असं मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२१७ च्या इतर अधिकारात जप्तीची ओळ जशीच्या तशी आहे. तिच्यावर रेघ नाही. खाली छापलंय, प्रलंबित फेरफार नाही.

शेजाऱ्यांच्या कागदाच्या मागेच मी दरखास्तीचा क्रमांक आणि साल उतरवून घेतलं. एकदा उतरवलं, मग एकेक आकडा पडद्यावरच्याशी ताडून पाहिला. मग आमच्या कणीकवाल्या बेलिफांना फोन लावला. त्यांना आता ऐकू कमी येतं. मी दोनदा गावाचं नाव सांगितलं आणि विचारलं, ती बाभळ आठवते का, आणि त्या शेताचा मालक अजून गावातच राहतो का.